वेलांटीबाईंची भिशी

तिचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण तिच्या आईने तशी विनंती केली आहे. शाळेतली मुले तिच्या माघारी तिला 'वेलांटीबाई' म्हणत, आणि हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. एकदा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर कुणीतरी खडूने 'वेलांटिबाई' असे लिहून ठेवले, तेव्हा तिने सातवीच्या वर्गात शांतपणे एवढेच सांगितले, की नाव ठेवायला माझी हरकत नाही, पण ते शुद्ध ठेवा. शब्दाच्या शेवटी वेलांटी दुसरी. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची वेलांटी दुरुस्त झालेली होती. म्हणून मीही तिला येथे वेलांटीबाई म्हणते.

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या शाळेत ती पाचवी ते सातवीला मराठी शिकवत असे आणि मी गणित. ती एकतीस वर्षांची होती आणि मी बावन्न. शाळेत ती मला मॅडम म्हणे आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडली की अक्का म्हणे. यंदाच्या मार्च महिन्यात, एका रविवारी सकाळी, ती वारली. आजार नव्हता, औषध चालू नव्हते, आदल्या रात्री नऊ वाजता आम्ही फोनवर बोललो होतो.

सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम आटोपून ती दुचाकीवरून घरी निघाली होती. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी रस्त्यावरही येते. अशाच एका ओल्या वळणावर गाडी घसरली, घोट्याचे हाड मोडले आणि गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर बसले. मराठी दिनालाच मराठीच्या बाई पडल्या, असे आम्ही तिला तिच्या तोंडावर चिडवले आणि तीही हसली. सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. शनिवारी रात्री फोनवर ती म्हणाली, "अक्का, दोन दिवस झाले, पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतंय बघा." मी म्हणाले, "प्लास्टर घट्ट बसलं असेल, सोमवारी दाखवू." सोमवार आलाच नाही. रविवारी सकाळी उपासनेला जाता येत नाही म्हणून ती घरीच पवित्र शास्त्र उघडून बसली होती. उठून दोन पावले टाकली, दम लागतोय म्हणाली, आणि रिक्षा चौकात पोहोचेपर्यंत सगळे संपले.

नंतर एका डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितले. पाय प्लास्टरमध्ये असला की पोटरीचे स्नायू हलत नाहीत. पायातले रक्त वर ढकलण्याचे काम हेच स्नायू करत असतात, त्यामुळे खोल शिरेत रक्त साकळते आणि त्याची गाठ बनते. ती गाठ सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूतून जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते. पोटरी दुखणे, बोटांना सूज येणे, अचानक दम लागणे, छातीत कळ येणे, ही त्याची लक्षणे आहेत आणि त्यांसाठी सोमवारची वाट पाहायची नसते. प्लास्टर घालताना यातले काही कुणी सांगितल्याचे तिच्या आईला आठवत नाही. त्या स्वतः निवृत्त परिचारिका आहेत, त्यामुळे ही गोष्ट त्यांना माझ्याहून अधिक खुपते. आम्ही दोघी त्याविषयी एकमेकींशी बोलत नाही.

तिच्या प्लास्टरविषयी मात्र सांगायलाच हवे. अपघातानंतर चौथ्या दिवशी सहावीची मुले तिला भेटायला गेली. सगळ्यांनी निळ्या पेनाने त्या पांढऱ्या प्लास्टरवर काही ना काही लिहिले. बहुतेकांनी 'लवकर बर्या व्हा' असेच लिहिले होते. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती स्टुलावर पाय टेकवून, कमरेत वाकून, लाल पेनाने एकेक 'बर्या' खोडून त्यावर 'बऱ्या' करत बसली होती. रफार आणि अर्धचंद्रासारखा तो 'ऱ्य' यांतला फरक तिने सहावीला त्याच महिन्यात शिकवला होता. 'आचार्य' मधला रफार वेगळा आणि 'बऱ्या' मधला 'ऱ्य' वेगळा. उच्चारून पाहा, 'चा' वर आघात येतो, 'ब' वर येत नाही, हे तिने मला पुन्हा एकदा ऐकवले. मी म्हटले, "अगं, पोरांनी प्रेमाने लिहिलंय." त्यावर तिचे उत्तर होते, "प्रेमानं लिहिलंय म्हणूनच तपासतेय, नाहीतर कशाला वाकले असते?" दफनाच्या आधी ते प्लास्टर कापून काढले. त्याचे दोन्ही तुकडे तिच्या आईने ठेवून घेतले आहेत.

आमच्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा विणकर म्हणून सोलापुरात आले. आता बाप यंत्रमागावर आणि आई विड्यांवर, असे बहुतेक घरांचे चालते. 'ती पंखा', 'तो खुर्ची' अशा चुका ही मुले करतात, कारण तेलुगूत निर्जीव वस्तूंना पुरुष आणि स्त्री असे वाटून टाकलेले नाही. आम्ही इतर शिक्षक त्यावर हसत असू, हे आज कबूल करते. वेलांटीबाईने नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत शाळेतल्या सेविकेकडून, जिला आम्ही मावशी म्हणतो, कामचलाऊ तेलुगू शिकून घेतली आणि मग एक शोध लावला, जो तिच्या मते तिच्या आयुष्यातला एकमेव शोध होता. मराठी माणूस बोलताना इकाराची लांबी फारशी पाळत नाही, म्हणून लिहिताना गोंधळतो. तेलुगू माणसाला ती पाळावीच लागते. ती वर्गात विचारायची, "घराला काय म्हणता?" मुले म्हणायची, "इल्लु." "पाण्याला?" "नीळ्ळु." "मग पहिल्या शब्दात इ आखूड आणि दुसऱ्या शब्दात नी लांब, हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. कान तयार आहे तुमचा. फक्त तो मराठीला लावा." ज्या मुलांना घरची भाषा ही अडचण आहे असे आम्ही आजवर सांगत आलो, त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच सांगितले, की तुमच्या घरी एक जास्तीची वस्तू आहे. मी दारात उभी राहून तो तास ऐकला होता आणि मुलांचे चेहरे पाहिले होते.

शुद्धलेखनाचे अठरा नियम, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, तिला क्रमांकासह पाठ होते. त्यांतला गावांच्या नावांचा नियम तिचा विशेष लाडका. 'पूर' लागलेल्या गावातला पू दीर्घ, मग ते नागपूर असो की सोलापूर; पण 'सोलापुरात' म्हटले की तोच पू ऱ्हस्व होतो. "गाव लांबून बघितलं की दीर्घ, आत शिरलं की ऱ्हस्व," असे ती म्हणे. एसटीने येताना दुकानांच्या पाट्यांवरचे 'सोलापुर' मोजण्याचा तिला छंद होता. नव्या पेठेत एका दुकानदाराला तिने पाटी बदलायला लावण्याचा प्रयत्न केला होता. त्याने तिला चादर दाखवली, तिने त्याला नियम दाखवला, आणि अखेर दोघांपैकी कुणीच काही घेतले नाही.

तिचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या शाळेत शिक्षक म्हणून सोलापूरला आले आणि येथेच राहिले. तरीही शाळेत नवा माणूस आला की तिला हमखास विचारी, "मग तुम्ही घरी इंग्रजी बोलत असाल?" या प्रश्नाचा तिला मनापासून संताप होता आणि त्याचे उत्तर तिने तयारच ठेवले होते. एकदा पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हेच विचारले, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, लिपी रोमन होती, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. नगरला ज्ञानोदय निघाले १८४२ साली. बाबा पदमनजींची यमुनापर्यटन १८५७ ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात तिला. आमच्या देवळात रेव्हरंड टिळकांची पदे म्हणतात, नारायण वामन टिळकांची. आता तुम्ही सांगा, तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?" साहेबांच्या घरची मुले इंग्रजी शाळेत होती. ते काही बोलले नाहीत. मीही खाली मान घालून बसले, कारण माझ्या घरी कानडी बोलतात.

ती देवभोळी नव्हती, पण श्रद्धा पक्की होती, आणि त्याचे प्रदर्शन तिला आवडत नसे. रविवारी सकाळी शब्बाथशाळेत मुलांना शिकवी, नाताळाच्या आठवड्यात रजा मागे, आणि परीक्षेच्या पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका वाटण्याआधी पाच-सात सेकंद डोळे उघडे ठेवूनच गप्प उभी राही. ती प्रार्थना होती हे मला तिसऱ्या वर्षी कळले. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की माझ्या माहेरच्या गच्चीवर येऊन ती ते शेवटपर्यंत पाहत असे. प्रसाद हातात घेई, आणि खायचा की नाही याचा पेच आम्हा दोघींपैकी कुणीच कधी उघड केला नाही.

तिचा रागीटपणाही येथे नोंदवते, कारण दफनविधीच्या वेळी तो कुणी नोंदवला नाही. एका मुलाला तिने 'आशीर्वाद' हा शब्द पन्नास वेळा लिहायला लावला आणि त्याचा बाप तक्रार घेऊन आला. तिने त्यालाच खडू दिला आणि शब्द लिहायला सांगितले. त्याने चुकीचा लिहिला. हे तिने करायला नको होते असे मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते. तो माणूस मुलाच्या डोळ्यांसमोर खजील झाला. रात्री तिने मला फोन करून विचारले, "अक्का, फारच झालं का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली, यंत्रमागाच्या खडखडाटात त्या माणसाची माफी मागितली, आणि परत येताना मुलाची वही तपासून आली. पन्नासांपैकी दोन शब्द चुकले होते.

दफनभूमीत शाळेतली चाळीसेक मुले, मंडळीतले लोक, विड्या वळणाऱ्या आया, आम्ही शिक्षक, असे सगळे उभे होतो. पाळकसाहेब थोडक्यात आणि चांगले बोलले. पेटी खाली उतरवल्यावर मूठभर माती टाकायची असते हे मला माहीत नव्हते. मावशीने मला कोपराने ढोसले. नंतर एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. मला ते वाक्य पटले नाही आणि तिलाही पटले नसते. तिने विचारले असते, की मग आपण सगळे जे उरलो, ते कोण? नातेवाईक बायकांत कुजबुज होती ती तिच्या लग्नाची, की ते व्हायचे राहून गेले. तिला स्वतःला त्याची घाई असल्याचे मला आठ वर्षांत दिसले नाही.

आता भिशीकडे येते. जून ते मे, बारा चिठ्ठ्या, महिन्याला हजार रुपये, सोडत दहा तारखेला. गणित शिकवते मी, पण वही तिच्याकडे, कारण मी दर महिन्याला उशिरा पैसे देणारी. तिचा नियम होता, की एक दिवस उशीर झाला तर दहा रुपये दंड. वहीत माझ्या नावापुढे वर्षभरात एकशे चाळीस रुपये दंड आहे आणि तो वसूल झाल्याची खूणही आहे. तिच्या आईच्या नावापुढेही वीस रुपये आहेत. दंडाच्या पैशातून मे महिन्यात सगळ्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायची, असे ठरलेले. एक चिठ्ठी विड्या वळणाऱ्या दोघी आयांची अर्धी-अर्धी होती. एकटीला हजार झेपत नाहीत म्हणून ही सोय तिनेच काढली होती. भिशी चालवणारी बाई सहसा पहिली उचल स्वतः घेते. तिने घेतली नव्हती. मार्चची सोडत तिच्या घरी झाली, तिचा प्लास्टरचा पाय मध्ये स्टुलावर आणि आम्ही भोवती. त्यानंतर खडूच्या रिकाम्या डब्यात दोनच चिठ्ठ्या उरल्या: एक मावशीची आणि एक तिची.

एप्रिलच्या दहा तारखेला आम्ही अकरा चिठ्ठ्यांच्या बायका माझ्या घरी जमलो. तिचे हजार रुपये कोण भरणार, असा प्रश्न होता. मी हिशेब मांडला, की तिने दहा हप्ते भरले आहेत, म्हणजे दहा हजार तिच्या आईला द्यायचे आणि भिशी अकरांत मिटवायची. गणिताप्रमाणे ते बरोबर होते. मावशीच्या ते पचनी पडले नाही. ती म्हणाली, "बाई बाराव्या हायती, बाराव्याच ऱ्हातील." मग ठरले, की तिचा हप्ता अकरा चिठ्ठ्यांनी मिळून भरायचा. हजाराला अकराने भागले की नव्वद रुपये एक्क्याण्णव पैसे येतात, म्हणून प्रत्येक चिठ्ठीमागे एक्क्याण्णव रुपये काढले. एक हजार एक झाले. तो वरचा रुपया मी डब्यात टाकला. मावशी म्हणाली, की दोनच चिठ्ठ्या आहेत तर सोडत कशाला, आधी बाईंच्या आईला द्या. पण चिठ्ठी उघडल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत, हाही वहीतला नियम होता. डबा हलवला. चिठ्ठ्यांवरची अक्षरे तिचीच. मावशीची निघाली.

मे महिन्यात उरलेली एकच चिठ्ठी आम्ही तरीही डबा हलवून काढली. मग आम्ही चौघी बारा हजार रुपये आणि वही घेऊन तिच्या आईकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि वहीचे एकेक पान बोट फिरवत वाचले. जवळजवळ वीस मिनिटे कुणी बोलले नाही. बाहेर उन्हात कुल्फीवाल्याची घंटा तेवढी वाजत होती. मग त्यांनी नोटा मोजल्या, दोन हजार वेगळे काढले आणि माझ्याकडे सरकवले. "माझ्या मुलीने दहा भरले होते. दहाच घेते." आम्ही खूप समजावले. त्या म्हणाल्या, "ती वहीवर सही करून गेली नाही. मला तिच्या वहीत खोटं नको." वरचे दोन रुपये कुठे आहेत, हेही त्यांनी विचारले. मी डब्यातून काढून दिले. त्यांनी ते दोन हजारांवर ठेवले आणि पेन्सिलीने कागदाच्या कडेला भागाकार केला: दोन हजार दोन भागिले अकरा, एकशे ब्याऐंशी. बाकी शून्य. "ज्याचे त्याला परत करा," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी परतीचा निरोप सगळ्यांना दिला. अर्ध्या चिठ्ठीवाल्या दोघी आल्या, प्रत्येकीने आपले एक्क्याण्णव रुपये घेतले, वहीत अंगठा आणि सही केली. शाळा उघडायच्या दिवसांत त्या पैशांच्या दोन वह्या येतात, त्यांनी घेतले हे योग्यच झाले. बाकी कुणी आले नाही. मावशीला मी दोनदा हाक मारली. ती ऐकू न आल्यासारखे करून घंटा द्यायला गेली. माझे स्वतःचे एकशे ब्याऐंशी मी त्या पाकिटातून बाहेर काढलेले नाहीत.

काल वर्ष संपवून वही बंद करायला घेतली. दंडाचे पान पुरे केले, भाकरी-चटणीचा बेत पुढे ढकलल्याची नोंद केली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिले: एका चिठ्ठीचे परत, दहा चिठ्ठ्यांचे १,८२० रुपये. त्याच्या आधी एक शब्द लिहायचा होता आणि तेथे पेन थांबले. पहिली वेलांटी की दुसरी? पुढे जोडाक्षर आहे, म्हणून पहिली. शिल्लक.